गाड्यांची गर्दी टाळून सायकलनं ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात पुण्या-नागपूरकडची कुणी ना कुणी पाहुणेमंडळी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्याकडे उतरतात आणि घरातल्या सायकली बघून तेच तेच विचारतात. आम्ही सहा-सात जण, म्हणजे दोन निवृत्त मास्तर, एक बँकवाला, आम्ही तिघी जावा आणि अधूनमधून माझा भाचा, गेली काही वर्षं रविवारी पहाटे सायकलनं किल्ल्याकडे जातो. त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

किल्ल्यापर्यंत सायकलींसाठी राखलेला, गाड्या नसलेला रस्ता आहे का?

नाही. तो असल्याचं कुणी सांगितलं, तर त्यानं नकाशावरची हिरवी रेघ बघितली असेल, रस्ता नव्हे. स्टेशनापासून किंवा लश्करातल्या महाराज बाडा चौकापासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत टेम्पो, ई-रिक्षा, दुधाच्या मोटारसायकली आणि मधोमध बसलेल्या गाई, सगळ्यांबरोबरच जावं लागतं.

पण पायथ्याला पोचल्यावर पुढचा जो रस्ता आहे, तो खरोखर गाड्यांविना आहे. पूर्वेच्या बाजूनं, किलागेटवरून वर जाणारी जुनी दगडी वाट. एके काळी हत्ती जायचे त्या वाटेनं आणि आता फक्त माणसं जातात. म्हणून आमचा हिशेब साधा आहे. पायथ्यापर्यंतचं अंतर इतक्या पहाटे उरकायचं की गाड्या अजून झोपलेल्या असतील, आणि तिथून पुढे पायी.

किल्ल्याला नेमके किती रस्ते? सगळे जण गाडीनंच वर जातात ना?

वापरातले मुख्य रस्ते दोन. पश्चिमेला उरवाई, तिथून गाड्या वर जातात. ईशान्येला किलागेट, म्हणजे ग्वालियर गेट, तिथून गाड्यांना बंदी. हॉटेलातून टॅक्सी केली की चालक न विचारताच उरवाईकडे वळतो आणि पाहुणे मानमंदिर राजवाड्यासमोर उतरून फोटो काढतात. यात चूक काही नाही, पण ते वाड्यात मागच्या दारानं शिरल्यासारखं होतं. किल्ल्याचे दरवाजे एकापाठोपाठ एक पूर्वेच्या वाटेवर आहेत. राजा मानसिंह तोमरानं (कारकीर्द 1486 ते 1516) राजवाड्याचा दर्शनी भागसुद्धा याच बाजूला काढला, निळ्या-पिवळ्या टाइल्सची बदकं आणि केळीची झाडं तिकडेच. चढणाऱ्यानं मान वर करून बघावं म्हणूनच ते केलंय. गाडीवाले ते बघतात उलटीकडून.

पूर्वेच्या चढावर सायकल नेता येते का?

नेऊ नका. एक तर ती वाट पायी चालणाऱ्यांची आहे. दुसरं, चढ खडा आहे. टेकडी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे 100 मीटर उंच आहे आणि ही वाट ती उंची जेमतेम एक किलोमीटरमध्ये गाठते. फरशी पायांनी घासून गुळगुळीत झालीय. सायकल ढकलत नेणं म्हणजे हौसेनं ओझं उचलणं. माझ्या भाच्यानं एकदा सायकल खांद्यावर घेऊन निघायचा बेत केला होता. पहिल्या दरवाज्यालाच परतला आणि आल्यावर म्हणाला, ‘आत्या, चहा सांग.’

लश्करातून निघालो तर कुठून जायचं?

महाराज बाड्यावरून इंदरगंज, तिथून शिंदे की छावणी, पुढे फूलबाग. फूलबागेपासून सेवानगरच्या बाजूनं किल्ल्याच्या पूर्वेच्या कड्याखालून किलागेट. अंतर साधारण पाच किलोमीटर, सपाट. रमतगमत अर्धा तास.

या वाटेवर फूलबागेपर्यंतचा पट्टा रुंद आहे आणि पहाटे सुखाचा. पुढचा भाग अरुंद आणि वस्तीचा, तिथं घाई करू नये. नळाला पाणी यायची वेळ असते, रस्ताभर बादल्या मांडलेल्या असतात आणि लहान मुलं चाकाखाली येतील अशी धावतात. डाव्या हाताला मान वर केली की कडा सतत सोबत असतो, ही त्या तुकड्याची कमाई. सूर्य समोरून कड्यावर पडतो तेव्हा वालुकाश्म अगदी गुळाच्या रंगाचा दिसतो.

फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून 1858 मध्ये त्या इथंच पडल्या. आम्ही तिथं पाच मिनिटं थांबतो, नेहमी. न थांबता पुढे गेलं तर बरोबरचे मास्तर काही बोलत नाहीत, पण दिवसभर तोंड फुगवून बसतात.

आणि स्टेशनवरून?

पडावला येऊन तानसेन रोडनं हजीरा आणि तिथून किलागेट. तीनेक किलोमीटर. स्टेशनाबाहेरचा पहिला अर्धा किलोमीटर सगळ्यात त्रासाचा. गाड्या आल्या की रिक्षावाले कुठूनही वळतात. तेवढा सायकल हातात धरून चालत जा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

किती वाजता निघावं?

उन्हाळ्यात पाचच्या आत, हिवाळ्यात साडेसहाला. साडेआठनंतर शाळांच्या बस आणि रिक्षा सुरू झाल्या की ‘गाड्यांविना’ हा शब्दच विसरायचा. रविवार उत्तम. सोमवारी निघू नका, कारण चढाच्या तोंडाशी असलेलं गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

आमच्या शहराच्या मुळांत एक गोष्ट आहे. लश्कर हे नावच छावणीचं. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 च्या सुमारास इथं पडला आणि मग तो उठलाच नाही. त्यामुळे शिंदे की छावणी, फालके बाजार, पाटणकर बाजार, आपटे की पायगा अशी नावं आजही आहेत. आता, तळाच्या गल्ल्या आखतात त्या घोड्यांसाठी, तंबूंसाठी. मोटारी तिथं मावत नाहीत. सायकल मात्र मावते, आणि पहाटे जुन्या गल्लीतून जाताना एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाज्यातून तंबोऱ्याचा आवाज ऐकू येतो. शहराला युनेस्कोनं 2023 मध्ये संगीताचं शहर म्हटलं, पण तो आवाज त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

सायकल खाली ठेवायची तर कुठं? चोरीला जाईल का?

किलागेटजवळ चहाच्या टपऱ्या आहेत. एखाद्या टपरीवर चहा घ्या, गप्पा मारा, ‘भैया, दो-ढाई घंटे में आते हैं’ म्हणा आणि समोरच्या जाळीला नाहीतर खांबाला साखळी लावा. दोन कुलपं हवीत, एक चाकाला आणि एक फ्रेमला. दिवा, पंप, पाण्याची बाटली, गद्दीखालची पिशवी सगळं काढून बरोबर घ्या. आमची सायकल आजवर गेली नाही. घंटी मात्र दोनदा गेली. पितळेची होती, सासऱ्यांच्या वेळची. आता प्लास्टिकची लावते.

चढावर असं काय आहे, की गाडी सोडून चालत जावं?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे.

सगळ्यात खाली आलमगिरी दरवाजा, 1660 चा. औरंगजेबाच्या नावानं त्याच्या इथल्या सुभेदारानं बांधला. साधा आहे, त्याच्यासाठी थांबायची गरज नाही. पुढे लगेच गुजरी महाल. मानसिंहानं गुजर राणी मृगनयनीसाठी बांधला. लग्नाला तिनं अट घातली की मला माझ्या राई गावच्या नदीचंच पाणी हवं, आणि राजानं ते खापरी नळांतून आणलं, अशी कथा आहे. हल्ली पुण्यात फ्लॅट बघताना मुली पाण्याचा टँकर किती येतो विचारतात, ते ऐकलं की मला मृगनयनी आठवते. महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका तिथं आहे, फूट-दोन फुटांची मूर्ती, पण तिच्या ओठांवरचं हसू बघायला लोक परदेशातून येतात. संग्रहालय उशिरा उघडतं, म्हणून ते परतताना बघायचं.

मग बादलगढ दरवाजा, त्याच्या वर गणेश दरवाजा, पुढे लक्ष्मण दरवाजा. दम इथं लागतो. आणि बरोबर इथंच रस्त्याच्या कडेला एका दगडातून कोरलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर आहे. विष्णूचं. बाहेरून बघाल तर पाटी वाचल्याशिवाय कुणी आत डोकावणार नाही. आत भिंतीवर विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी दिलेली जमीन 270 हात लांब आणि 187 हात रुंद, आणि देवाला रोज 50 माळा, असा त्यातला व्यवहार. 270 मधलं आणि 50 मधलं शून्य तिथं कोरलंय, आपण आज काढतो तसंच, फक्त जरासं लहान आणि वरच्या अंगाला. भारतात काळ नक्की ठाऊक असलेल्या शिलालेखांत असं स्थानमूल्याचं जे शून्य सगळ्यात जुन्यांत गणलं जातं, ते या भिंतीवर आहे. जगाला शून्य दिलं वगैरे भाषणं आपण पुष्कळ ऐकली. इथं ते शून्य माळ्याच्या हिशेबात बसलंय, कुठलाही आव न आणता. आमच्यातले एक मास्तर गणिताचे. ते दर वेळी चपला काढून, भिंतीपासून वीतभर अंतरावर बोट धरून ते शून्य हवेत गिरवतात. गाडीनं वर आलेल्यातले बहुतेक जण हे न बघताच परत जातात, कारण त्यासाठी वरून अर्धी वाट उतरून पुन्हा चढावं लागतं.

कड्यात इथंतिथं कोरलेल्या छोट्या मूर्ती दिसतील, कुठं नुसते कोनाडे. शेवटी हत्ती पोळ. या दरवाज्याबाहेर दगडाचा मोठा हत्ती होता, वर माहुतासकट. 1528 मध्ये बाबर किल्ला बघायला आला तेव्हा त्यानं तो बघितला आणि लिहून ठेवला. हत्ती आता नाही, नाव आहे. दरवाज्यातून बाहेर पडलं की मानमंदिराची भिंत एकदम अंगावर येते. तोवर घाम निथळत असतो, वारा सुटलेला असतो आणि खाली अख्खं जुनं ग्वाल्हेर उन्हात येत असतं.

चढायला आम्हाला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, थांबत थांबत. भाचा पंधरा मिनिटांत जातो आणि मग वर एकटाच बसून राहतो.

मला सायकल चालवतच वर जायचंय. उरवाईनं जमेल का?

जमेल, पण मग गाड्या सोबत असणार. उरवाईचा रस्ता अरुंद आहे. वरून आणि खालून एकाच वेळी गाड्या आल्या की तिढा पडतो. चढ तीव्र, आणि वळणावर गाडीवाले गिअर बदलताना मागे सरकतात. सायकलवाल्यानं त्यांच्या अगदी मागे राहू नये. सूर्योदयाच्या सुमाराला गेलात तर एखाद-दुसरी गाडी, गुरुद्वाऱ्याकडे जाणारे भाविक आणि धावणारी पोरं, एवढंच भेटतं.

गिअरची सायकल नसेल तर अर्ध्यात उतरून ढकलावी लागेल. ढकलाच. कारण या घाटीत खरं बघायचंय ते दोन्ही बाजूंच्या कड्यांत. पंधराव्या शतकात, डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्तींची रांग. सगळ्यात मोठी 57 फुटांची, तिच्या पावलाशी उभं राहिलं की आपलं डोकं तिच्या गुडघ्यालाही पोचत नाही. बाबरानं त्या बघितल्या, त्याला रुचल्या नाहीत, आणि त्यानं त्या फोडायचा हुकूम दिला. तोडणाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी चेहऱ्यांवर घाव घातले आणि पुढे निघून गेले. काहींचे चेहरे जैन समाजानं नंतर चुन्यानं पुन्हा घडवले. पेडल मारत मान खाली घालून गेलात तर यातलं काहीच दिसणार नाही.

अशाच मूर्तींचा आणखी एक समूह फूलबागेच्या बाजूला, आग्नेय कड्यात आहे, गोपाचल पर्वत म्हणतात त्याला. तिथली पद्मासनातली पार्श्वनाथांची मूर्ती 42 फुटांची. सायकल खाली लावून थोडं चढावं लागतं. ज्यांना किल्ला पूर्ण झेपणार नाही त्यांना मी इथंच नेते.

उरवाईनं उतरताना काय सांभाळायचं?

ब्रेक. दोन्ही, आणि निघण्यापूर्वी तपासलेले. दुसऱ्या वर्षी माझ्या सायकलचं मागचं ब्रेक-रबर झिजलं होतं आणि मी ‘पुढचा आहे ना’ म्हणून उतरले. निम्म्यावर पुढची तार तुटली. चपला घासत, कठड्याला हात लावत, शेवटी एका ढिगाऱ्यात सायकल घातली. कोपर सोलवटलं, साडी फाटली, आणि वर भाजीवाली बाई म्हणाली, ‘अम्मा, इस उमर में?’ तेव्हापासून मी उतार चालत उतरते आणि सायकल हातात धरते. तुम्हाला काय करायचं ते करा, पण रबर बघा.

पावसाळ्यात उरवाईनं सायकलवर उतरू नका. बस.

पूर्वेनं चढून पश्चिमेनं उतरलं तर चालेल?

पायी असाल तर चालेल, पण सायकल किलागेटला राहते. परत यायला रिक्षा करावी लागेल. आम्ही एकदा अर्ध्या लोकांना पूर्वेला आणि अर्ध्यांना उरवाईला सायकली लावायला सांगितलं आणि वर किल्ल्या बदलून घ्यायच्या असं ठरवलं. दोघांच्या सायकलींची उंची जुळली नाही, एकीची किल्ली घरीच राहिली. बेत कागदावर चांगला होता.

वर पोचल्यावर किती फिरायचं असतं?

पुष्कळ. पठार उत्तर-दक्षिण अडीच-तीन किलोमीटर लांब आहे. उरवाईनं सायकल वर आणली असेल तर हीच जागा सायकलची, मोकळी आणि सकाळी शांत. मानमंदिरापासून सास-बहूची देवळं (खरं नाव सहस्रबाहू, 1093 च्या सुमाराची), तिथून तेली का मंदिर, सूरजकुंड आणि गुरुद्वारा दाता बंदी छोड. गुरू हरगोविंद जहांगीराच्या कैदेत इथं होते. सुटताना त्यांनी 52 राजांना बरोबर सोडवलं, जो जो अंगरख्याची किनार धरेल तो सुटेल म्हटल्यावर 52 टोकांचा अंगरखा शिवून घेतला, असं सांगतात. गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, डोक्यावर रुमाल बांधून जावं.

पठारावरच्या शाळेच्या आवारात शिरू नका. 1897 पासूनची निवासी शाळा आहे, मुलं राहतात.

पायी आला असाल तर मानमंदिर आणि सास-बहू एवढंच नीट बघा. बाकीचं पुढच्या वेळी.

मराठ्यांचा या किल्ल्याशी संबंध काय? आमच्या मुलांना सांगायला काहीतरी हवं.

सांगायला खूप आहे, पण मुलांना चढताना आवडते ती गोष्ट ही. ऑगस्ट 1780. किल्ला महादजी शिंद्यांकडे. कुणी चढून येईल अशी जागाच नाही, असा पहारेकऱ्यांना भरवसा. कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम रात्री शिड्या लावून आला आणि त्याच्या शिपायांनी दगडावर पाय घसरू नये, आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले जोडे घातले होते. पहाटेपर्यंत किल्ला गेला. तीनेक वर्षांत महादजींनी तो परत घेतला. 1858 नंतर इंग्रजांनी पुन्हा ठेवून घेतला आणि 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना दिला. झाशी देऊन किल्ला घेतला, हे ऐकल्यावर मुलं फूलबागेची समाधी आठवून गप्प होतात. माझा नातू म्हणाला, ‘मग राणीला कुणी विचारलं होतं का?’ मला उत्तर सुचलं नाही.

तो कापसाचा जोडा मुलांच्या डोक्यात इतका बसतो की किल्ल्यावरून आल्यावर घरातल्या सगळ्या उशा उसवायची वेळ येते, एवढी सूचना.

सायकल कुठली हवी? भाड्यानं मिळेल का?

पायथ्यापर्यंत कुठलीही चालेल, दूधवाल्याची उंच दांड्याचीसुद्धा. शर्यतीची अरुंद टायरची नको, खडी आणि गटाराच्या जाळ्या आहेत. भाड्याच्या सायकलीवर बेत आखू नका. ओळखीच्या घरून मागून घ्या. लश्करातल्या मराठी घरात एक तरी गंजकी सायकल गच्चीवर पडलेली असतेच, आणि ती द्यायला लोकांना आनंद होतो, कारण तुम्ही तिचं पंक्चर काढून परत देता.

बाहेरगावाहून स्वतःची सायकल रेल्वेनं आणायची तर?

पुण्याहून झेलम, मुंबईहून पंजाब मेल या गाड्या ग्वाल्हेरला थांबतात. पूर्ण आकाराची सायकल डब्यात घेऊन बसता येत नाही, लगेजच्या डब्यात नोंदवून पाठवावी लागते. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी पार्सल कार्यालयात जा, पेडल काढा, हँडल आडवं करून बांधा आणि मागच्या चाकाच्या दातऱ्यांना पुठ्ठा गुंडाळा. टायरमधली हवा थोडी कमी करा. घडी होणारी सायकल मात्र पिशवीत घालून बर्थखाली जाते. ग्वाल्हेरला गाडी थोडाच वेळ थांबते, सायकल उतरली की नाही हे गाडी हलण्याआधी मागच्या डब्यापाशी धावत जाऊन बघा. एका पाहुण्याची सायकल दिल्ली बघून आली होती.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

दहा वर्षांपुढची मुलं पहाटेच्या रस्त्यावर मोठ्यांच्या मध्ये चालवू शकतात, एक पुढे, एक मागे. त्याहून लहान असेल तर कॅरिअरवर.

आजी-आजोबांसाठी, दोन जणांनी सायकलनं जायचं आणि त्यांना रिक्षानं किलागेटला आणायचं. गुजरी महालापर्यंतचा चढ थोडाच आहे, तो जमतो. त्यापुढे गुडघ्यांना विचारा. माझ्या सासूबाई पंचाहत्तराव्या वर्षी गणेश दरवाज्यापर्यंत आल्या आणि तिथं पायरीवर बसून अथर्वशीर्ष म्हणाल्या. पुढे यायचं नाही म्हणाल्या, ‘माझं दर्शन झालं.’

कुठल्या ऋतूत यावं?

ऑक्टोबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं, तेव्हा पहाटेचा नियम उलटा करा. धुक्यात ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही, म्हणून थांबा, ऊन पडू द्या. अंगावर फिक्या रंगाचं जॅकेट आणि मागे लाल दिवा हवाच. मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो, किल्ल्याचा दगड सकाळी नऊलाच तापतो. त्या दिवसांत आम्ही फूलबागेतून परत येतो.

न्याहारी?

बेडई. उडदाचं सारण भरलेली खुसखुशीत पुरी आणि बटाट्याची तिखट भाजी, वर जिलबी. परतताना लश्करात शिरलात की कढईचा वास येतो, तिथं सायकल लावा. चढायच्या आधी खाऊ नका, लक्ष्मण दरवाज्याला पश्चात्ताप होतो. हिवाळ्यात गजक घेऊन जा.

त्याच फेरीत आणखी काय जोडता येईल?

किलागेटहून हजीऱ्याला जवळच तानसेनाची समाधी आणि सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा. मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघाव्यात. समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी समजूत आहे. मी चघळलाय, फरक पडला नाही. इथला तानसेन समारोह डिसेंबरमध्ये असतो, 2024 मध्ये त्याचं शंभरावं वर्ष साजरं झालं. त्या दिवसांत हजीऱ्याला गाड्या फार असतात.

शिंद्यांचा जयविलास महाल त्याच दिवशी करू नका. मोठा आहे आणि पाय थकलेले असतात. 1874 चा, मायकेल फिलोज यानं आखलेला. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत.

जुन्या नॅरोगेजच्या जागेवर सायकलींचा रस्ता होईल का?

हा प्रश्न मास्तर दर रविवारी विचारतात. ग्वाल्हेर ते श्योपूर ही दोन फूट रुंदीच्या रुळांची लहान गाडी, सुमारे 200 किलोमीटरची, मार्च 2020 मध्ये थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गावर ब्रॉडगेजचं काम चाललंय. शहराच्या आतला जुना पट्टा सपाट, अरुंद आणि सायकलसाठी जणू मापून घेतल्यासारखा आहे. त्यावर डांबर घालून दोन्ही बाजूंना कडुनिंब लावले तर हजीऱ्याकडची पोरं मोटारींशी न भिडता शाळेत जातील. हे माझं मत झालं. सध्या तिथं सायकल घालू नका. खडी आहे, झुडपं आहेत, आणि लोकांनी म्हशी बांधल्यात.

रविवारी तुमच्याबरोबर येता येईल का?

या. फूलबागेच्या कुंपणाशी, समाधीच्या बाजूला, उन्हाळ्यात पाचला आणि हिवाळ्यात पावणेसातला. दहा मिनिटं वाट बघतो. गणिताचे मास्तर पाच मिनिटंच बघतात.